रामबागेतल्या कॅसेटी : उतरवताना ठेवलेल्या नोंदी

२० एप्रिल २०२५, इंदूर

मंडळाच्या खोलीतलं गोदरेजचं कपाट रिकामं करताना तीस-पस्तीस व्हीएचएस, म्हणजे जुन्या व्हिडिओ कॅसेटी निघाल्या. गणेशोत्सवाचे दहा दिवस, मुलींचं लेझीम, पोरांची नाटुकली, गाण्याच्या मैफली, आणि अनंत चतुर्दशीच्या रात्री निघणाऱ्या कापड मिलच्या झांक्या, म्हणजे दिव्यांनी सजवलेले चित्ररथ. साल साधारण १९८६ ते १९९९. बहुतेक ई-१८०, म्हणजे तीन तासांच्या. काहींवर निळ्या शाईत नाव-तारीख, काहींवर नुसतं 'गणपती'.

सचिवकाकांचं म्हणणं साधं होतं. "अगं, यंदाच्या गणपतीत पडद्यावर दाखवता येतील का बघ. बाजारात एक जण दोनशे रुपयांत एक कॅसेट करून देतो म्हणाला."

दोनशे रुपयांत काय मिळतं ते मी पाहिलेलं आहे. घरगुती व्हीसीपी (कॅसेट नुसती वाजवणारं यंत्र), त्याला पिवळी वायर, स्वस्तातली यूएसबी काडी, आणि तिथल्या तिथे दाबून लहान केलेली फाइल. चित्र दिसतं, पण कडा थरथरतात, लाल रंग पसरतो, अंधारातला भाग चौकोनी ठिगळांनी भरतो. आणि एकदा उतरवून झालं म्हटलं की मूळ कॅसेट कुणी जपत नाही. मग तेच ठिगळांचं चित्र कायमचं होऊन बसतं.

कॅसेटी संगणकावर उतरवायचं काम घेतलं. अट घातली की घाई करायची नाही, आणि मूळ कॅसेट एकही फेकायची नाही.

२४ एप्रिल

यंत्रांची जुळवाजुळव. व्हीएचएस जेव्हीसीने १९७६ साली जपानात आणलं. नवे व्हीसीआर बनवणारी शेवटची ठाऊक असलेली कंपनी म्हणजे फुनाई, तिनेही जुलै २०१६ मध्ये उत्पादन थांबवलं. आता जगात जेवढे डेक, म्हणजे कॅसेट वाजवणारी यंत्रं, आहेत ते झिजत चाललेत, आणि ते नीट करू शकणारी माणसं म्हातारी होत चालली आहेत. टेप अजून वीस वर्षं टिकेलही, पण ती वाजवणारं चांगलं यंत्र मिळेलच असं नाही. हे काम आत्ता करायचं कारण हेच.

डेक पुण्याच्या एका निवृत्त शूटिंगवाल्यांकडून आला. जेव्हीसीचा एस-व्हीएचएस (व्हीएचएसचाच वरचा प्रकार), आत टीबीसी, म्हणजे टाइम बेस करेक्टर असलेला. आपल्या कॅसेटी साध्या व्हीएचएस, मग एस-व्हीएचएस डेक कशाला, असं काकांनी विचारलं. टेपवर उजेड आणि रंग वेगवेगळे लिहिलेले असतात. रंग खाली ६२७ किलोहर्ट्झवर उतरवून ठेवलेला असतो, उजेड वरच्या पट्ट्यात. पिवळ्या वायरीतून नेलं की दोन्ही एकात मिसळतात आणि पुढे संगणकापाशी ते पुन्हा वेगळे करावे लागतात. ते कधीच पूर्ण वेगळे होत नाहीत, म्हणून रंगीत कडेवर बारीक ठिपके सरकताना दिसतात. एस-व्हिडिओच्या वायरीतून दोन्ही शेवटपर्यंत वेगळेच येतात. साध्या व्हीसीपीला ती जागाच नसते.

दुसरं कारण टीबीसी. हेडचा, म्हणजे पट्टी वाचणाऱ्या बारीक टोकांचा ड्रम मिनिटाला १५०० फेरे घेतो आणि पट्टीवर तिरप्या रेघा वाचत जातो. पट्टी जराशी ताणलेली असली, रबर सैल असलं, की चित्रातली एकेक ओळ किंचित लवकर किंवा उशिरा येते. लेझीमच्या रांगेत एखादी मुलगी अर्धं पाऊल पुढे, दुसरी अर्धं मागे, तसं. जुना टीव्ही हे सांभाळून घ्यायचा. संगणकाला जोडलेली पेटी घेत नाही, आणि मग दाराची चौकट, समईचा दांडा, सगळं नागमोडी होतं. टीबीसी प्रत्येक ओळ थोपवून धरतो आणि जागेवर आणून पुढे सोडतो. हे चित्र पकडायच्या आधीच व्हायला हवं. नंतर कुठल्याही सॉफ्टवेअरने नागमोडी चौकट खऱ्या अर्थाने सरळ होत नाही.

डेकच्या पुढे पॅनासॉनिकचा जुना डीव्हीडी रेकॉर्डर, डीएमआर-ईएस१०. त्यावर रेकॉर्ड काहीच करायचं नाही, सिग्नल फक्त त्यातून जाऊ द्यायचा. चित्राचा वरचा भाग एका बाजूला ओढला जातो तो यातून गेल्यावर सरळ होतो. पुढे चित्र संगणकात घेणारी पेटी, हॉपॉगची यूएसबी-लाइव्ह २, आणि संगणकावर ते पकडून साठवणारं सॉफ्टवेअर, व्हर्च्युअलडब.

३० एप्रिल

डेक जेल रोडवरच्या दुरुस्तीवाल्या काकांकडे नेला. मराठीच, पण बोलता बोलता हिंदीत शिरतात, इथे आपण सगळेच तसे. झाकण उघडून त्यांनी आधी काही केलंच नाही, नुसतं एका चित्रपटाच्या टाकाऊ कॅसेटवर डेक चालवून आत बघत राहिले. पट्टी खांबांवरून जाताना कुठे दुमडते का, रबरी रोलरवर चढते का, ते बघत होते.

मग साफसफाई. शॅमॉय कातड्याचा तुकडा आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये जेमतेम ओला केला, ड्रमला बोटाने हलकेच टेकवून स्थिर धरला, आणि दुसऱ्या हाताने ड्रम वरच्या कडेला धरून सावकाश फिरवला. कातड्याचा हात जराही हलला नाही. हलला तो ड्रम. कातड्यावर चार फिकट तपकिरी रेघा उमटल्या, जागा बदलून पुन्हा धरलं तेव्हा दोन, मग काहीच नाही. "ताई, एक लक्षात ठेवा. वर-खाली कधीच पुसायचं नाही, आणि कापसाची काडी तर अजिबात नको." हेडचं टोक म्हणजे फेराइटचा केसाएवढा बारीक कण, ड्रमच्या बाहेर किंचित आलेला. वर-खाली घासलं की तुटतो. कापसाचा तंतू त्यात अडकला तरी तुटतो. आणि हा ड्रम आता नवा मिळत नाही.

रबरी रोलर त्यांनी वेगळ्या ओल्या फडक्याने पुसला. अल्कोहोलने रबर कडक होत जातं म्हणाले.

५ मे

कॅसेटींची वर्गवारी. प्रत्येक कॅसेट उन्हाकडे धरून खिडकीतून रिळाची कड बघायची. कड काळी, सपाट, चकचकीत दिसली तर ठीक. पांढरी-राखाडी भुकटी दिसली तर ती बुरशी, आणि ती कॅसेट कुठल्याही डेकमध्ये घालायची नाही. एक बुरशीची कॅसेट हेड आणि खांब माखते, आणि तीच बुरशी त्यानंतरच्या प्रत्येक चांगल्या कॅसेटला लागते. तीन अशा निघाल्या. झिपच्या पिशवीत सिलिका जेलच्या पुड्यांसकट वेगळ्या ठेवल्या.

बाकी सगळ्यांची मागच्या कडेची प्लॅस्टिकची छोटी जीभ आधी तोडली. ती असेपर्यंत चुकून लाल बटण दाबलं गेलं तर वरून रेकॉर्ड होऊ शकतं. इतकी वर्षं कुणी तोडली नव्हती. मग प्रत्येक कॅसेट शेवटपर्यंत पुढे आणि परत पहिल्यापर्यंत मागे. वर्षानुवर्षं उभी-आडवी पडून रिळाचा ताण असमान झालेला असतो, एकदा पूर्ण फिरवली की बैठक जमते.

एकीची पट्टी सुरुवातीलाच पारदर्शक शेपटीपासून सुटली होती. उलट्या बाजूचे पाच स्क्रू काढून कवच उघडलं. जोडायची पट्टी खास स्प्लायसिंगचीच हवी, आणि ती चुंबकी थर नसलेल्या बाजूला लावायची. साधी सेलोटेप लावली तर उन्हाळ्यात तिचा डिंक पाझरून हेडवर बसतो. शेपटी पारदर्शक का असते, तर तिच्यातून उजेड आरपार गेला की यंत्राला कळतं टोक आलं, थांबायचं. ती नसेल तर यंत्र ओढतच राहतं आणि पट्टी रिळातून उपटते.

११ मे

पहिली कॅसेट. झांक्यांची मुद्दाम आधी घेतली नाही. आरती आणि बक्षीस समारंभाची घेतली, दिवसाउजेडी मांडवात काढलेली.

पकडताना चित्राचं माप ७२० बाय ५७६, रंगाची नोंद ४:२:२ (उजेडाच्या निम्म्या बारकाव्याने), आणि साठवण हफवायूव्हीने, म्हणजे काही न गमावता दाबणाऱ्या पद्धतीने, जशीच्या तशी. आपल्याकडच्या टीव्हीच्या पाल पद्धतीत सेकंदाला २५ चित्रं, प्रत्येक चित्र दोन अर्ध्या भागांत, म्हणजे ५० फील्ड. यातलं काहीही या पायरीवर बदलायचं नाही. दोन भाग एकत्र करायचे नाहीत, दाणे काढायचे नाहीत, कडा धारदार करायच्या नाहीत. आधी टेपवर आहे ते पूर्ण घरात आणायचं.

बघायचं असतं ते उजेडाचं माप. व्हर्च्युअलडबमध्ये हिस्टोग्राम उघडला की काळा-पांढरा किती पसरलाय ते दिसतं. खालच्या कडेला हेड बदलतं तिथली फाटकी पट्टी असते आणि बाजूंना काळी किनार. मापात ती धरली तर काळा नेहमी खोटा दिसतो, म्हणून माप घेण्यापुरती ती झाकायची. ० ते २५५ च्या मापात काळा १६ आणि पांढरा २३५ च्या आत आला पाहिजे. पुजारीकाकांचं उपरणं उन्हात होतं, ते पार वर जाऊन सपाट झालं होतं. कॉन्ट्रास्ट खाली आणल्यावर उपरण्याच्या चुण्या दिसायला लागल्या. हे नंतर होत नाही. पकडताना पांढरं कापलं गेलं तर चुण्या फाइलमध्ये येतच नाहीत, मग खाली ओढून नुसता राखाडी डाग मिळतो.

यूपीएस लावल्याशिवाय तीन तासांची कॅसेट सुरू करायची नाही. मे महिन्यात रामबागेतली वीज दुपारी डोळे मिचकावते.

१८ मे

डिस्क. न दाबता ठेवलं तर तासाला साधारण ७५ जीबी. हफवायूव्हीने तीस-पस्तीस होतात, चित्राचा एक कणही न गमावता. तीन तासांच्या कॅसेटला शंभर जीबी धरायचे. चार टीबीच्या दोन डिस्क घेतल्या. सचिवकाकांनी किंमत ऐकून चष्मा काढून पुसला, पण वर्गणीतून दिले.

२६ मे

आज मैफलीची कॅसेट. चित्र ठीक आलं, आवाज मात्र रजईखालून. पेटीचे वरचे सूर गायबच.

या कॅसेटी खांद्यावरच्या कॅमेऱ्याने काढलेल्या, आवाज मोनो, पट्टीच्या कडेला एका बारीक सरळ रेघेत लिहिलेला. हाय-फाय आवाज फिरत्या हेडने लिहिला जातो आणि बराच चांगला असतो, पण इथे तो नाही. कडेची पट्टी सेकंदाला २३ मिलिमीटरच्या थोडी वर सरकते, साध्या ऑडिओ कॅसेटच्या निम्म्या वेगाने, त्यामुळे वरच्या सुरांना जागाच कमी. त्यात ज्या कॅमेऱ्याने लिहिलं त्याच्या आवाजाच्या हेडचा कल आणि आपल्या डेकच्या हेडचा कल सारखा नसेल तर उरलेले वरचे सूरही जातात.

जेल रोडवर पुन्हा. काकांनी आवाजाच्या हेडचा छोटा स्क्रू अर्ध्या अर्ध्या नखाने फिरवला आणि मी हेडफोन लावून ऐकत राहिले. तानपुरा आधी नुसता घुमत होता. एका जागी अचानक जवारी ऐकू आली, ती करकर, जिच्यावरून तानपुरा तानपुरा वाटतो. तिथून थोडं पुढे गेलं की पुन्हा मंद. "इथेच?" "इथेच." त्यांनी स्क्रूवर आधी पेनने खूण केली होती, कारण ट्रॅकिंगची, म्हणजे चित्र जागेवर धरणारी नियंत्रण-रेघ वाचणारं हेडही त्याच तुकड्यावर बसलेलं असतं. एक सुधारताना दुसरं ढळू शकतं. या कॅसेटपुरता हा कल, काम झालं की स्क्रू खुणेवर परत.

ट्यूबलाइटची गुंजन मात्र रेकॉर्डिंगमध्येच आहे. बघायच्या प्रतीत ५० हर्ट्झ आणि त्याच्या पटी हलक्या करीन. मूळ फाइलीत ती राहील.

८ जून

मुलांच्या नाटुकल्याच्या कॅसेटवर लाल रंग जागेवर नव्हता. राजाचा फेटा जिथे होता त्याच्या चार-पाच ओळी खाली फेट्याचा लाल रंग, कपाळावर उतरलेला. वायर, डेक, सगळं तपासण्याआधी हेच लक्षात घ्यायचं की पालमध्ये व्हीसीआरवरून व्हीसीआरवर नक्कल केली की प्रत्येक पिढीत रंग किंचित खाली घसरतो. म्हणजे ही कॅसेट नक्कल आहे, बहुधा नकलेची नक्कल. मूळ कुणाकडे तरी असणार.

सचिवकाकांनी मंडळाच्या जुन्या लोकांना फोन लावले. ज्यांच्या मुलाने राजा केला होता त्या मावशी आता लोकमान्य नगरात राहतात. त्यांच्या लोखंडी पेटीत, लुगड्यांच्या खाली, मूळ कॅसेट मिळाली. "तुम्हाला दिलेली ती आम्ही करून दिलेली हो, ही आमची," म्हणाल्या. रंग फेट्यावर, आणि मागच्या पडद्यावर रंगवलेल्या झाडाची पानंसुद्धा मोजता येतात. नकलेवर तिथे हिरवा ढग होता.

आता कुठलीही कॅसेट हातात आली की आधी लाल कडा बघते. नक्कल वाटली तर उतरवण्याआधी मूळ शोधायचं. सॉफ्टवेअरने रंग चार ओळी वर सरकवता येतो, पण दोन पिढ्यांत गेलेली पानं परत येत नाहीत.

१९ जून

दोन कॅसेटी एलपी (लाँग प्ले), म्हणजे निम्म्या वेगात निघाल्या, कुणीतरी पट्टी वाचवायला तीन तासांत सहा तास बसवलेत. रेघांची रुंदी निम्मी, त्यामुळे शेजारच्या रेघेचा सिग्नल चित्रात मिसळतो, मुंग्या जास्त. जेव्हीसीवर चित्र सारखं घसरत होतं. दुरुस्तीवाल्या काकांकडचा साधा पॅनासॉनिक व्हीसीआर यांना जास्त मानवला. टीबीसी नाही, म्हणून ईएस१० मधून घेतलं. महागडा डेक प्रत्येक कॅसेटला चांगला असतोच असं नाही, हे मला आवडलं.

२९ जून

पाऊस लागला. खोलीत हवा दमट. कपाटातून काढलेली कॅसेट लगेच डेकमध्ये घालायची नाही, रात्रभर खोलीतच ठेवायची. ड्रमवर दव धरलं तर पट्टी त्याला चिकटते. बुरशीच्या तीन कॅसेटींना पावसाळ्यात हातच लावणार नाही.

९ जुलै

एक कॅसेट अमेरिकेतून आलेली. कुणाच्या तरी नातीचं भरतनाट्यम, मंडळाच्या कपाटात कशी आली देव जाणे. तिकडच्या टीव्हीची एनटीएससी पद्धत, ५२५ ओळी, सेकंदाला तीसच्या किंचित खाली चित्रं. आपले बरेच व्हीसीआर ती 'वाजवतात', पण वाजवताना रंग पालमध्ये फिरवून देतात. टीव्हीवर चालतं, उतरवायला नाही. खरा एनटीएससी डेक मिळेपर्यंत ही बाजूला.

२० जुलै

झांक्या. ज्यासाठी मनात सगळं चाललं होतं ते काम.

हुकुमचंद, मालवा, राजकुमार, कल्याण, स्वदेशी या मिलच्या झांक्या. कामगार महिना-महिना आधीपासून लाकूड, कापड, मोटरी आणि हजारो बल्ब घेऊन बसायचे, आणि चतुर्दशीची सगळी रात्र शहर जागं राहायचं. आमच्या मंडळातल्या शूटिंगवाल्या दादांनी कृष्णपुऱ्याजवळ एका ओट्यावर उभं राहून हे काढलंय. पूर्ण अंधार, आणि अंधारात नुसते दिवे. व्हीएचएससाठी याहून अवघड चित्र नाही. व्हीएचएसला आडवे जेमतेम २४० ओळींएवढे बारकावे मिळतात, आणि रंगाला त्याच्याही कितीतरी कमी. लाल बल्ब म्हणूनच पसरून शेजारच्या पिवळ्यावर जातो.

एका झांकीवर कृष्णाच्या मागे मोठं चक्र आहे. चक्रावर बल्बच्या तीन फेऱ्या, लाल, हिरवी, पांढरी, आणि उजेड एका बल्बवरून दुसऱ्यावर पळतो. बाहेरची फेरी उजवीकडे, आतली डावीकडे. एकेक फील्ड थांबवून पाहिलं. एका फील्डमध्ये तीन पेटलेले बल्ब, पुढच्या फील्डमध्ये मधला विझलेला आणि चौथा अर्धवट पेटलेला, तार अजून तापतेय इतका तांबूस. सेकंदाच्या पन्नासाव्या भागात टिपलेला तो अर्धवट पेटलेला बल्ब टेपवर आहे.

आता बघायची प्रत करताना लोक काय करतात, तर दोन फील्ड मिसळून २५ चित्रं ठेवतात. तसं केलं की तो तांबूस बल्ब आणि विझलेला बल्ब एकमेकांत मिसळतात आणि चक्र पळायचं सोडून धडपडत चालतं. म्हणून एव्हीसिंथ या सॉफ्टवेअरमधला क्यूटीजीएमसी हा फिल्टर लावला, प्रत्येक फील्डचं पूर्ण चित्र करून सेकंदाला पन्नास ठेवली. फील्डचा क्रम नीट तपासला, आपल्या साखळीत वरचं फील्ड आधी आहे. उलट धरला तर सगळं एक पाऊल पुढे, एक मागे थरथरतं. चक्र पळालं. काकू चहा घेऊन आल्या होत्या, त्या उभ्याच राहिल्या. "असंच होतं गं. डोळे दिपायचे."

दाणे काढायचं फिल्टर अगदी हलकं ठेवलं. जोरात लावलं तर त्याला पळता उजेड हाही दाणाच वाटतो आणि तो पुसून टाकतो. मोठ्या हॅलोजनच्या वर-खाली चित्रभर एक उभी पांढरी रेघ उमटते, ती कॅमेऱ्याच्या सीसीडीची, म्हणजे चित्र टिपणाऱ्या चिपची. तिला हात लावलेला नाही. त्या रात्री त्या कॅमेऱ्याने जे पाहिलं त्यातलाच तो भाग आहे.

खालची फाटकी पट्टी काळ्याने झाकली, कापून चित्र ताणलं नाही. माप ४:३, म्हणजे ७६८ बाय ५७६ दिसेल असं.

३ ऑगस्ट

मंडळातल्या एका पोराने झांकीचा तुकडा एआयने फोर-के करून आणला. हौसेने केलं होतं, मेहनत होती. पडद्यावर दोन्ही शेजारी लावले. दिवे एकदम लख्ख. मग गर्दीतले चेहरे पाहिले. मूळ चित्रात ओट्यावर टोपी घातलेले एक आजोबा आहेत, पुसट, पण बघणाऱ्याला ओळखू येतात. त्याच्या प्रतीत डोळे नीट रेखलेले, त्वचा गुळगुळीत, आणि ते आजोबा नाहीत. दुसरंच कुणीतरी आहे. त्यांच्या नातवाने स्वतःच सांगितलं, "हे आमचे नाहीत."

गणपतीच्या पोस्टरला दिव्यांचा एखादा फोटो तसा करायला माझी हरकत नाही. पण माणसं असलेल्या चित्रावर हे नको, आणि 'मूळ' म्हणून तर कधीच नको. यूट्यूबला टाकायची प्रत साध्या पद्धतीने १४४० बाय १०८० पर्यंत मोठी केलीय. तिथे मोठ्या मापाच्या व्हिडिओला दर्जा बरा मिळतो म्हणून. त्यात नवीन काही रेखलेलं नाही. पोराला क्यूटीजीएमसी दाखवलं. दोन तास बसला, उठला नाही.

१० ऑगस्ट

झांकीच्या कॅसेटीचं साल कुठलं? लेबल नाही. एक काका म्हणाले, "हुकुमचंद मिलचा फलक आहे ना, म्हणजे ९१ च्या आधीची." मिल १२ डिसेंबर १९९१ ला बंद झाली, खरंय. पण झांकी बंद झाली नाही. पगार थांबलेल्या कामगारांनी वर्गणी काढून ती काढली, पुढेही काढत राहिले. त्यामुळे फलकावरून काही ठरत नाही. उलट फलकावर मिलचं नाव मोठं दिसतंय म्हणून ती नंतरचीही असू शकते.

पुढे राजवाडा दिसतो. १९८४ च्या दंगलीत त्याचा मागचा भाग जळाला आणि नंतर बरीच वर्षं दर्शनी भिंतच उभी होती, पण कॅमेरा नेमका समोरून आहे, आणि तो भाग आधीही तसाच, नंतरही तसाच. कोपऱ्यात कॅमेऱ्याची तारीख आहे. जुन्या पंचांगाशी ताडली तर चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशीची येते, आणि ते बरोबर आहे, कारण चित्रातलं घड्याळ रात्रीचं पाऊण दाखवतंय. एवढ्यावरही मी नुसतं 'कॅमेऱ्यातील तारखेनुसार' असंच लिहिलं. फाइलच्या नावात साल आणि त्यापुढे 'अंदाजे'. ज्याला पक्कं माहीत असेल तो बदलेल.

१७ ऑगस्ट

मंडळाच्या खोलीत चाचणी. नऊवारीतल्या मुलींचं लेझीम लावलं, तेव्हाच्या मुली आता सासवा झाल्यात, त्यातल्या चौघी आल्या होत्या. एकेकीने पडद्यावर बोट ठेवून नावं सांगितली आणि मी वेळेच्या आकड्यासमोर लिहून घेतली. कोण कुठे उभी, कुणाचा भाऊ ढोलावर, मांडव कुणी दिला. ही नावं कॅसेटवर नव्हती, फाइलमध्येही येणार नाहीत, आणि ती सांगणारी माणसं बसलेली असतानाच लिहून घ्यावी लागतात. साधी मजकूर फाइल, व्हिडिओच्याच नावाची, त्याच्याच शेजारी ठेवली.

२४ ऑगस्ट

गणपती २७ ला. झालेल्या सगळ्या कॅसेटींच्या मूळ फाइली एफएफव्ही१ या काही न गमावता दाबणाऱ्या पद्धतीत बदलून मात्रोस्का (.mkv) प्रकारच्या फाइलींत भरल्या. चित्र तसंच्या तसं राहतं, जागा आणखी कमी लागते, आणि प्रत्येक चित्राच्या तुकड्यागणिक तपासणीचा आकडा आत असतो, त्यामुळे पुढे डिस्क कुठे बिघडली तर नेमकं कुठलं चित्र गेलं ते कळतं. बदलण्याआधी आणि नंतर दोन्हींचं चित्र ओळीओळीने जुळवून पाहिलं, मगच हफवायूव्हीच्या फाइली काढल्या. शिवाय प्रत्येक फाइलचा एसएचए-२५६, म्हणजे फाइल जराही बदलली तर बदलणारा आकडा, वेगळ्या यादीत.

एक डिस्क मंडळाच्या कपाटात, एक माझ्याकडे, तिसरी प्रत सचिवकाकांच्या मुलाकडे भोपाळला. एकाच मोहल्ल्यात तिन्ही नकोत. वर्षातून एकदा, गणपतीच्या आधी, तिन्ही जोडून आकडे ताडायचे. हे मंडळाच्या वहीत कामांच्या यादीत लिहून घेतलं, मांडवाच्या परवानगीच्या खाली. बघायच्या प्रती एच.२६४ या दाबून लहान करणाऱ्या पद्धतीत, पेन ड्राइव्हवर, ज्याला हव्या त्याला.

मूळ कॅसेटी पूर्ण मागे गुंडाळून, उभ्या, प्लॅस्टिकच्या डब्यात. हेडवरून थेट कच्चा सिग्नल उचलून सॉफ्टवेअरनेच उलगडायची व्हीएचएस-डिकोड नावाची पद्धत आता चांगली होत चालली आहे. चतुर्दशीच्या कॅसेटी पुढे तशा एकदा घ्यायच्या आहेत, त्यासाठी त्या असायला हव्यात.

राहिलं ते असं. एनटीएससीची एक, डेकची वाट बघतेय, नाशिकच्या एकांनी देतो म्हटलंय. बुरशीच्या तीन दसऱ्यानंतर, हवा कोरडी झाली की. गच्चीवर, मास्क लावून, रीळ नव्या कवचात घालून, मऊ कापडातून हाताने सावकाश फिरवत कोरडीच साफ करायची. वाजवायला दुरुस्तीवाल्या काकांनी एक जुना व्हीसीपी बाजूला काढून ठेवलाय, तो फक्त त्या तिघींसाठी. त्यातल्या एकीवर '८८, शेवटचा दिवस' असं लिहिलंय.